बुल टेरिअर : ताकदीला वळण लावताना

(प्रतिनिधी)

दोन्ही तळहातांत मावणारे पांढरेशुभ्र पिल्लू घरी येते, तेव्हा ते कोणाच्या मांडीवर बसणार यावरून घरात भांडण होते. आठ महिन्यांनी तेच पिल्लू वीस किलोंचे झालेले असते आणि भांडणाचा विषय बदललेला असतो : आज त्याला फिरवायला कोण नेणार? सोफ्याची कड कुरतडलेली, दारावरची घंटा वाजली की पाहुण्याच्या छातीवर दोन पंजे, जिन्यात समोरच्यांचा लॅब्रॅडॉर दिसला की पट्टा हातातून निसटेल अशी ओढ. सोसायटीच्या सभेत तक्रार होते. मग कुत्रा गॅलरीत साखळीला बांधला जातो आणि पुढे कधीतरी ‘ओळखीच्यांच्या फार्महाउसवर’ पोचवला जातो. ‘ही जातच तसली’ असा निष्कर्ष काढून कुटुंब मोकळे होते.

या निष्कर्षात अर्धेच सत्य आहे. बुल टेरिअर आणि त्याच्या भाऊबंदांचे शरीर व स्वभाव विशिष्ट हेतूने घडवला गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या ताकदीचे काय होते, हे सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या वर्षापर्यंतच्या काळात घरातील माणसे ठरवतात. या काळातील सर्वांत मोठी चूक व्यायाम न देण्याची आहे, असे बहुतेकांना वाटते. ती आहेच. मात्र, कुत्र्याला केवळ पळवत राहणे आणि स्वस्थ बसायला कधीच न शिकवणे ही तितकीच मोठी चूक असून, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

कुळकथा

या कुळाचा उगम इंग्लंडमधील. बुलडॉगला बैलावर सोडण्याचा खेळ तेथे शतकानुशतके चालत असे. १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेने प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध कायदा करून तो बंद केला. बैलाला मैदान लागे. कुत्र्यांची झुंज मात्र दारूच्या गुत्त्यामागील खोलीतही लावता येत असे. बंदी झुंजींवरही होती, पण त्या चोरून चालूच राहिल्या. त्यासाठी बुलडॉगची ताकद आणि टेरिअरची चपळाई एकत्र आणली गेली व ‘बुल अँड टेरिअर’ ही संकरित मंडळी जन्मास आली. १८६०च्या सुमारास बर्मिंगहॅमचे जेम्स हिंक्स यांनी या ओबडधोबड कुत्र्याचा बुलडॉग, आज नामशेष झालेला पांढरा इंग्लिश टेरिअर आणि डाल्मेशिअन यांच्याशी संकर करून पांढरा, उंच, देखणा बुल टेरिअर घडवला. झुंजीच्या रिंगणातून प्रदर्शनाच्या मंचावर येण्याचा हा प्रवास होता. अंडाकृती डोक्याची आजची ठेवण नंतरची, विसाव्या शतकातील. रंगीत बुल टेरिअरही त्याच शतकात स्टॅफर्डशायर बुल टेरिअरशी पुन्हा संकर झाल्यावर रूढ झाले.

ब्रिटिश अधिकारी व शिपायांबरोबर हा कुत्रा हिंदुस्थानातही आला. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गार्म : अ होस्टेज’ या कथेचा नायक हिंदुस्थानातील एका ब्रिटिश शिपायाचा बुल टेरिअरच आहे. मालकाची ताटातूट झाल्यावर तो झुरणीला लागतो. झुंजार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जातीचा हळवेपणा किपलिंगने अचूक हेरला होता. बुल टेरिअर पाळणारे आजही त्याला ‘कुत्र्याचे कातडे पांघरलेले तीन वर्षांचे मूल’ म्हणतात. माणसाशिवाय त्याला करमत नाही, आणि त्याच्या बहुतेक उपद्व्यापांचे मूळ येथेच असते.

नावांचा गोंधळ येथेच दूर केलेला बरा. बुल टेरिअर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर आणि अमेरिकन पिट बुल टेरिअर या एकाच कुळातील चार निरनिराळ्या जाती आहेत. पैकी स्टॅफर्डशायर बुल टेरिअरला इंग्लंडच्या केनेल क्लबने १९३५ मध्ये मान्यता दिली, तर पिट बुलची नोंद अमेरिकेतील युनायटेड केनेल क्लबने १८९८ पासून ठेवली. आपल्याकडे मात्र आखूड केसांचा, रुंद छातीचा कोणताही कुत्रा ‘पिट बुल’ म्हणून विकला जातो. त्यामुळे कागदावरील नावापेक्षा समोरचा प्राणी आणि त्याचे आईबाप पाहणे महत्त्वाचे. ‘याचा जबडा एकदा मिटला की लॉक होतो’ ही समजूतही चुकीची आहे. कोणत्याही कुत्र्याच्या जबड्यात तसे यंत्र नसते. पकडल्यावर न सोडण्याची चिकाटी मात्र या कुळात जरूर असते.

पिल्लू घेताना

२००३ मध्ये ‘हच’ मोबाइलची जाहिरात झळकली आणि पगच्या पिल्लांना मागणी वाढली. अमेरिकेत १९८७ मध्ये बिअरच्या जाहिरातीतील ‘स्पड्स मॅकेन्झी’ने बुल टेरिअरच्या बाबतीत हेच केले. (गमतीचा भाग असा, की त्या रंगेल नराचे काम एका मादीने केले होते.) जाहिरात पाहून कुत्रा घेणाऱ्यांना त्याच्या आरोग्याची माहिती अर्थातच नसते.

पांढऱ्या बुल टेरिअरमध्ये जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण लक्षणीय आहे. पाहण्यांनुसार साधारण पाचांतील एका पांढऱ्या कुत्र्याला एका वा दोन्ही कानांनी ऐकू येत नाही; रंगीत कुत्र्यांत हे प्रमाण अगदीच कमी. एका कानाने बहिरे पिल्लू वरवर पाहता ओळखू येत नाही. त्यासाठी ‘बेअर’ ही श्रवणचाचणी असते. ती उपलब्ध नसेल, तर निदान पिल्लू झोपेत असताना त्याच्या मागे, वारा वा धक्का न लागता, आवाज करून पाहावे. मूत्रपिंडाचे आनुवंशिक विकार, हृदयाच्या झडपांचे दोष आणि त्वचेची ॲलर्जी याही या जातीच्या परिचित तक्रारी आहेत. म्हणून पिल्लाच्या आईला भेटण्याचा आग्रह धरावा. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. श्वानप्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार प्रजननकर्त्याला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. आठ आठवड्यांची ही अट केवळ कागदी नाही. आई आणि भावंडांशी दंगा करतानाच पिल्लू दात किती जोराने लावायचे हे शिकते, आणि मोठेपणी या जबड्याला तो धडा फार उपयोगी पडतो.

तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेत असते. या दिवसांत जे पाहिले नाही, त्याची पुढे भीती वाटते आणि ताकदवान कुत्र्याची भीती पाहता पाहता आक्रमकपणाचे रूप घेते. अडचण अशी, की लसीकरण याच काळात अपूर्ण असते. डिस्टेंपर-पार्व्होची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. यावर तोडगा म्हणजे पिल्लाला कडेवर घेऊन फिरवणे. भाजीवाला, रिक्षा, छत्री उघडणारा माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, शाळा सुटल्यावरचा मुलांचा कल्ला हे सारे त्याने सुरक्षित अंतरावरून, तोंडात खाऊ असताना पाहावे. गणपतीतील ढोल आणि दिवाळीतील फटाके यांची ध्वनिफीत आधी अगदी हळू, मग थोडी मोठी अशी ऐकवता येते.

व्यायाम : किती आणि कोणता?

व्यायामाच्या प्रश्नावर उत्साही मालक आणि आळशी मालक दोघेही चुकतात. आळशी मालकाचा कुत्रा दिवसभर कोंडलेला असतो. उत्साही मालक सहा महिन्यांच्या पिल्लाला सायकलच्या मागे पळवतो, जिने चढवतो आणि टायरला लटकवून ‘मसल’ बनवतो.

वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या मऊ पट्ट्या असतात. बुल टेरिअरच्या आकाराच्या कुत्र्यात त्या पक्क्या व्हायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात. तोपर्यंत डांबरी रस्त्यावरील लांब धाव, उंच उड्या, वजन ओढणे आणि वारंवार जिना उतरणे टाळावे. वयाच्या प्रत्येक महिन्यामागे पाच मिनिटे चालणे, असा एक ठोकताळा सांगितला जातो. तो शास्त्रीय नियम नाही. पण पाच महिन्यांच्या पिल्लाला सलग दोन तास ओढत नेऊ नये, एवढी जाणीव त्यातून व्हावी. मातीवर किंवा गवतावर स्वतःच्या मनाने हुंदडणे वेगळे. तेथे पिल्लू दमले की आपण होऊन बसते.

घरातील एक धोका सहसा लक्षात येत नाही, तो म्हणजे गुळगुळीत फरशी. बुल टेरिअरला संध्याकाळी अचानक झटका आल्यासारखा ऊत येतो. शेपूट आत घेऊन, पाठ वाकवून तो खोलीभर भिरभिरतो आणि टेबलाला वळसा घालताना मागचे पाय सटकतात. हा प्रकार या जातीत इतका सर्रास आहे, की तो रोगाचे लक्षण समजण्याचे कारण नाही. पण व्हिट्रिफाइड टाइल्सवर रोज घसरणाऱ्या कुत्र्याचे गुडघे आणि खुबे त्याची किंमत चुकवतात. येण्या-जाण्याच्या वाटेवर रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी अंथरणे पुरेसे आहे.

दीड वर्षाच्या पुढे मात्र हा खेळाडू खुलतो. पोहणे, टेकडी चढणे, दोरी ओढण्याचा खेळ, लपवलेली वस्तू वासाने शोधणे हे सारे त्याला मानवते. सकाळ-संध्याकाळ मिळून तास-दीड तास, आणि त्यातील काही भाग वास घेत रमतगमत चालण्याचा असावा. नाकाने केलेले काम पायांच्या कामाइतकेच दमवते. कोरड्या खाद्याची वाटी समोर ठेवण्याऐवजी तेच दाणे गवतात विखुरले, तर वीस मिनिटे तो मन लावून चरत राहतो.

महाराष्ट्रातील उन्हाळा या वेळापत्रकात निर्णायक आहे. कुत्रा धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकतो. त्याला येणारा घाम पंजांपुरता. मार्च ते जून या काळात फिरणे सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी जमीन निवल्यावरच. रस्त्यावर तळहाताची पाठ पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही भाजतील. हा प्राणी खेळाच्या भरात स्वतः थांबत नाही, म्हणून थांबवण्याची जबाबदारी माणसाची. धाप न थांबणे, लाळ दाट होणे, चालताना झोकांड्या जाणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी सावलीत नेऊन अंगभर पाणी ओतावे, पंखा लावावा आणि तडक दवाखाना गाठावा. पांढऱ्या कुत्र्याच्या नाकावर, कानांवर व पोटावर ऊन थेट भाजते, हेही ध्यानात असू द्यावे.

स्वस्थ बसण्याचा धडा

रोज दहा किलोमीटर पळणारा कुत्रा दोन महिन्यांनी दहा किलोमीटरने दमत नाही. मालक अकरा करतो, कुत्रा अधिक तंदुरुस्त होतो. या शर्यतीत माणूस हरणार हे ठरलेले. शेवटी घरात एक असा मल्ल तयार होतो, ज्याला आखाडा बंद झाल्यावर काय करायचे हेच ठाऊक नाही.

उपाय साधा, पण चिकाटीचा आहे. कुत्र्यासाठी एक सतरंजी ठरवावी. तो आपण होऊन तीवर आडवा झाला, की काही न बोलता पंजांमध्ये खाऊचा कण ठेवावा. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटे, मग पाच, मग घरातील माणसे जेवत असेपर्यंत. पिल्लाला दिवसाकाठी सोळा ते अठरा तास झोप लागते. संध्याकाळी पायांना चावे घेत सुटलेले पिल्लू बहुधा ‘मस्तीत’ नसते, झोपेला आलेले असते. अशा वेळी चेंडू फेकणे म्हणजे पेंगुळलेल्या मुलाला नाचायला लावणे होय.

या जातीत हा धडा अधिक निकडीचा असण्याचे कारण शेपटीमागे गरगर फिरण्याचा विकार. लहानपणी कधीमधी शेपटीशी खेळणे वेगळे. पण काही बुल टेरिअर तासन्‌तास गोल फिरतात, हाकेला ओ देत नाहीत, अन्नपाणी विसरतात. काही भिंतीकडे किंवा सावलीकडे टक लावून बसतात. त्यात आनुवंशिकतेचा भाग आहे, आणि कोंडलेपणा व कंटाळा यांनी तो चिघळतो. घरची मंडळी सुरुवातीला हसतात, मोबाइलवर चित्रण करतात. हसणे हे कुत्र्याच्या दृष्टीने बक्षीसच. फिरणे वारंवार होऊ लागले, तर न ओरडता लक्ष दुसरीकडे वळवावे आणि पशुवैद्याकडे जावे. यावर औषधे आहेत, आणि लवकर सुरू केल्यास ती अधिक लागू पडतात.

आज्ञा शिकवताना घरात एकच भाषा ठरवून घ्यावी. आजी ‘बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’ म्हणतो, वडील ‘ए, खाली’ म्हणून ओरडतात आणि कुत्रा तिघांकडे आळीपाळीने बघत उभा राहतो. पाच-पाच मिनिटांचे तीन-चार पाठ पुरतात. मारझोड येथे केवळ निर्दय नव्हे, निरुपयोगीही आहे. वेदना सोसून पुढे जाण्यासाठीच ज्याच्या पूर्वजांची निवड झाली, त्याला फटक्याने काय शिकवणार? सर्वांत आधी शिकवायचा शब्द ‘सोड’. तोंडातील वस्तू हिसकावू नये. तिच्याहून चांगली वस्तू नाकाशी धरावी, त्याने पहिली टाकली की ‘सोड’ म्हणून दुसरी द्यावी आणि बहुतेक वेळा पहिलीही परत करावी. मोजे, रबरी खेळणी, प्लॅस्टिकचे तुकडे गिळून आतड्यात अडकवून घेण्यात हे कुत्रे कुप्रसिद्ध आहेत. ‘सोड’ हा एक शब्द शस्त्रक्रिया टाळू शकतो.

दुसऱ्या वर्षातले वळण

वर्षभर बागेत सगळ्या कुत्र्यांशी खेळणारा नर एके दिवशी दुसऱ्या नरावर धावून जातो, आणि मालकाला धक्का बसतो. एक ते दोन वर्षे या वयात, लैंगिक व मानसिक वाढ पुरी होताना, या कुळातील बऱ्याच कुत्र्यांची इतर कुत्र्यांविषयीची सहनशीलता कमी होते. संस्कार चांगले असूनही असे होऊ शकते. त्याला मालकाची नामुष्की समजू नये आणि ‘एकदा भिडू दे, कळेल कोण दादा ते’ असा उपायही करू नये. एका झुंजीत जे शिकले जाते, ते पुसायला वर्षे लागतात.

आपल्याकडे प्रत्येक गल्लीला तिचे भटके कुत्रे असतात. ते हद्द राखण्यासाठी भुंकत येतात, तेव्हा बुल टेरिअर माघार घेईलच असे नाही. म्हणून रस्त्यावर तो नेहमी पट्ट्याला. छातीभोवती बसणारा मजबूत हार्नेस आणि दोन मीटरचा पट्टा, लांबणारी दोरी नव्हे. जाळीच्या मुसक्याचीही लहानपणापासून सवय लावावी. खळ्यातील बैलाला मुसके बांधतात, त्यात कोणाला अपमान वाटत नाही. कुत्र्याच्या बाबतीत तेवढा वाटतो. मुसक्यात खाऊ ठेवून तो रोज क्षणभर घातला, तर कुत्रा आपणहून त्यात तोंड खुपसतो. पुढे दवाखान्यात आणि लिफ्टमध्ये त्याचा उपयोग होतो. मुसके असे हवे, की त्यात तोंड उघडून धाप टाकता येईल. एकाच घरात दोन नर ठेवणे टाळावे. लहान मूल आणि कुत्रा, कितीही गरीब असला तरी, मोठ्या माणसाविना एका खोलीत नकोत. त्याने मान फिरवली, ओठ चाटले, अंग ताठ केले, डोळ्यांची पांढरी कड दाखवली की मूल बाजूला करावे. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. ती दडपली, तर पुढच्या वेळी तो सूचनेविना चावेल.

आहाराबाबत थोडक्यात : बरगड्या हाताला लागाव्यात, पण दुरून मोजता येऊ नयेत. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे वर्ज्य. केवळ दूध-पोळीवर स्नायू होत नाहीत. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, गोचिडांवरील औषध नियमित वापरावे आणि लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नये. ताप, मलूलपणा, हिरड्या फिकट होणे ही लक्षणे दिसली, तर गोचीडतापाची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

कायदा काय म्हणतो?

जुलै २०२२ मध्ये लखनौत एका पाळीव पिट बुलने घरातीलच वृद्ध महिलेचा जीव घेतला. त्यानंतर या कुळावरील बंदीची मागणी वाढली. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिट बुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर, रॉटवायलर आदी २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, प्रजनन व विक्री रोखण्याबाबत राज्यांना पत्र पाठवले. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढल्याचे सांगून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवले. ब्रिटनमध्ये १९९१च्या कायद्याने पिट बुलवर बंदी आहे आणि २०२३-२४ मध्ये त्यात एक्सएल बुलीची भर पडली. बुल टेरिअर आणि स्टॅफर्डशायर बुल टेरिअर मात्र तेथे बंदीच्या यादीत नाहीत.

महापालिकेचा श्वान परवाना दरवर्षी घ्यावा आणि रेबीज लसीचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे. गृहनिर्माण संस्थेला ठराव करून कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र, कुत्र्यापासून माणसाच्या जिवाला धोका वा गंभीर दुखापत होऊ नये यासाठी पुरेशी खबरदारी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्र्यांना झुंजीसाठी चिथावणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्याच कायद्याचे कलम ११ आखूड किंवा जड साखळीला अवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे यांनाही क्रूरताच मानते. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात तरतूद असलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे.